सारंगखेड्याचें तट्टू आणि ह्यूस्टनची मोटार

मार्गशीर्षाची पौर्णिमा जवळ आली म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील वाटा सारंगखेड्याकडे वळूं लागतात. शहादे तालुक्यांत तापीच्या तीरीं वसलेल्या या गांवीं एकमुखी दत्ताचें देवस्थान आहे. दत्तजयंतीस तेथें यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजारहि भरतो. मारवाडी, काठेवाडी अशीं नानापरींचीं जनावरें घेऊन परप्रांतींचे व्यापारी येतात, राहुट्या उभ्या राहतात, आणि कोणाच्या घोड्यास किती लाखांची मागणी आली याची वार्ता वर्तमानपत्रांतून घरोघर पोंचते. आम्हांस घोडा घ्यावयाचा नसतो. तरी दरवर्षीं एक फेरी मारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. यंदां मात्र त्या बाजारांतून हिंडतांना आमच्या मनांत घोडा नव्हता, मोटार होती. आणि तीहि येथील नव्हे, सातासमुद्रांपलीकडील ह्यूस्टन शहरांतील.

त्याचें असें झालें. आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा भाद्रपदांत नोकरीनिमित्त अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत गेला. आमची सूनबाई त्याच्याबरोबर. आणि तिला सातवा महिना लागलेला. कचेरी घरापासून चौदा मैल, प्रसूतीचें रुग्णालय नऊ मैल, वाणसामानाचें दुकान तीन मैल. आणि घराजवळून जाणारी बस नाहीं. इतके दिवस भाड्याची मोटार बोलावून भागविलें. परंतु त्या भाड्याचा आंकडा वाढतां वाढतां घरभाड्याच्या निम्म्यावर गेला, आणि मध्यरात्रीं रुग्णालयांत जाण्याची वेळ आली तर काय करावें ही चिंता निराळीच. तेव्हां मोटार घ्यावी असें त्यानें ठरविलें. आणि वडील माणसांस विचारल्यावांचून मोठा खर्च करूं नये या घरच्या वळणास अनुसरून एका रविवारीं सकाळीं त्याचा दूरध्वनि आला. आमचें घर बारा माणसांचें. दूरध्वनि माजघरांत मधोमध ठेवला आणि सभा भरली.

दादांनीं प्रथमच निर्णय दिला, "कर्ज काढूं नकोस. रोख देतां येतील तेवढ्याचीच घे." वहिनी म्हणाल्या, "जुनी घेऊं नकोस बाबा. कोणीं कशी वापरली असेल कोण जाणे. नवीच घे, आणि पहिल्या दिवशीं चाकाखालीं लिंबू ठेवायला विसरूं नकोस." आम्हीं आयुष्यभर मुलांना शिकविलें, त्यामुळें कोणत्याहि विषयावर अधिकारानें बोलण्याची आम्हांस संवय. आम्ही म्हणालों, "सांगतील त्याच्या निम्म्यानें मागावी आणि उठून चालूं लागावें. मागून हांक येतेच."

मुलानें सर्वांचें विनयानें ऐकून घेतलें, आणि मग एकेक सांगूं लागला. तेथें प्रत्येक नव्या मोटारीच्या कांचेवर कारखानदारानें सुचविलेली किंमत छापलेली असते. तसा कायदाच इ. स. १९५८ सालीं झाला. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर मोनरोनी यांनीं तो आणला, म्हणून त्या कागदास अद्यापि त्यांच्याच नांवानें ओळखतात. म्हणजे आमचा निम्म्याचा मंत्र पहिल्याच घडीस निष्फळ झाला. पण छापील किंमत ही शेवटची किंमत नव्हे. तिच्यावर टेक्सासमध्यें शेंकडा सव्वासहा टक्के विक्रीकर, नोंदणीचा आकार, दुकानदाराचा कागदपत्रांचा आकार, आणि आपण न मागितलेल्या दोन-चार वस्तूंचे पैसे चढतात. म्हणून जाणता गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतो: "सर्व धरून, गाडी दारांतून बाहेर काढतांना एकूण किती?" आणि उत्तर लेखी घेतो. आणखी एक गंमत त्यानें सांगितली. शनिवार व रविवार असे लागोपाठ दोन्ही दिवस मोटारी विकण्यास त्या राज्यांत कायद्यानें बंदी आहे. बहुतेक दुकानें रविवारीं बंद असतात. म्हणून नवखे लोक रविवारींच मोटारी पाहून येतात, कारण त्या दिवशीं मागें लागणारा विक्रेता नसतो.

वहिनींच्या लिंबाचें तर भलतेंच झालें. पोर हंसूं आवरून म्हणाला, "आई, वरून चांगली दिसणारी पण आंतून सदोष अशा मोटारीलाच येथें लिंबू म्हणतात." माजघरांत मोठा हंशा पिकला. अखेर नवी मोटार आंवाक्याबाहेरची, सबब आठ-दहा वर्षें वापरलेली पाहावी, इतकें ठरून सभा उठली.

दोनच दिवसांनीं त्यानें कळविलें कीं, एका गृहस्थांची मोटार बाजारभावापेक्षां दोन हजार डॉलरनीं स्वस्त मिळत आहे. रंग चकचकीत, आंत अत्तराचा वास, इंजिन सुरेख चालतें. दादा म्हणाले, "घेऊन टाक." आम्हींहि मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशीं सारंगखेड्यास गेलों.

तेथें बाजारांत उभे असतां चव्वेचाळीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवून आमचा जीव चरकला. ती गोष्ट आम्हीं घरींहि फारशी सांगितलेली नाहीं. आतां सांगण्यास हरकत नाहीं.

इ. स. १९८२ च्या सुमारास आम्ही अक्राणी भागांतील एका पाड्यावर शिक्षक म्हणून रुजू झालों. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र झाला; तेव्हां हा सारा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडत असे. आम्ही जन्मानें कृष्णाकांठचे. सातपुड्यांतील भाषा आम्हांस अपरिचित, अन्न अपरिचित, वाटा त्याहून अपरिचित. बस जेथें सोडी तेथून शाळा सात मैल, आणि तेहि डोंगराचे. म्हणून एक तट्टू घ्यावें असें मनानें घेतलें. आमचें थोडेंबहुत अध्ययन संस्कृत पाठशाळेंत झालेलें. शालिहोत्राचें नांव ठाऊक, घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांचीं शुभाशुभ लक्षणें तोंडपाठ. एवढें ज्ञान पुरेसें आहे असें समजून आम्ही एकटेच सारंगखेड्यास गेलों.

विक्रेत्यानें आमच्याकडे एकवार आपादमस्तक पाहिलें. परीटघडीचा सदरा, काखेंत छत्री, बोलणें घाटावरचें. तेवढ्यावर त्यानें काय ओळखायचें तें ओळखलें. त्यानें तट्टाच्या कपाळावरील भोवरा दाखविला. आम्हीं तो शुभ असल्याचें त्यालाच समजावून सांगितलें! तट्टू नदीकांठच्या वाळूंत दोनदां फिरवून दाखविलें. वय पांच वर्षें म्हणून सांगितलें. आमचा दोन महिन्यांचा पगार त्याच्या हातीं गेला, आणि पहिल्याच चढणीवर तट्टू लंगडूं लागलें.

पाड्यावरील एक पावरा शेतकरी, ज्यांचा मुलगा आमच्या शाळेंत होता, सायंकाळीं आले. त्यांनीं कांहीं न बोलतां तट्टाचें तोंड उघडलें, मग पुढचा खूर उचलून पाहिला. म्हणाले, "गुरुजी, हें बारा वर्षांच्या खालचें नाहीं. आणि तुम्हीं वाळूंत चालवून पाहिलें असेल. वाळूंत लंगडें जनावरहि नीट चालतें. कठीण वाटेवर चालवायचें."

घोड्याचे दांत हें त्याचें जन्मपत्रक होय. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दांत पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पांचव्या वर्षीं तोंड भरतें. पुढें दांतांच्या माथ्यावरील काळे खळगे झिजत जातात, आणि आठव्या वर्षाच्या आसपास खालच्या दांतांवरचे जवळजवळ नाहींसे होतात. म्हातारें जनावर तरुण भासविण्यासाठीं असे खोटे खळगे कोरून काळे करण्याची लबाडी जगभर चालत आली आहे. इंग्रजी भाषेंत तर तिला स्वतंत्र शब्द आहे. आमच्या भोवऱ्यांच्या विद्येंत यांतील एक अक्षर नव्हतें.

पुढच्या वर्षीं त्या गृहस्थांनाच बरोबर घेऊन आम्ही गेलों. तीन तास ते नुसते फिरत होते. अखेर त्यांनीं जें तट्टू निवडलें त्याचा रंग मळका आणि भोवरा आमच्या मतें अशुभ. त्या तट्टानें सहा वर्षें आमची सेवा केली. पहिल्याच वर्षीं त्यांना विचारलें असतें तर आमचे पैसे वांचले असते. आम्हीं विचारलें नाहीं याचें खरें कारण आज स्पष्ट लिहितों. ज्यांच्या मुलांस आम्ही अक्षरें शिकवितों त्यांच्यापासून आम्हीं काय शिकावें, हा अभिमान आडवा आला.

सारंगखेड्याहून घरीं परततांच आम्हीं पोराला दूरध्वनि केला. एकच विचारलें, "तेथला जाणता माणूस कोण? आणि त्यानें गाडी पाहिली आहे काय?" तो म्हणाला, कचेरींतील एका सोबत्याच्या ओळखीचा मेक्सिकोहून आलेला एक कारागीर आहे, त्याची स्वतःची दुरुस्तीची जागा आहे, पण नुसतें तपासण्याचे तो दीडशें डॉलर मागतो. दादांनीं तत्काळ रुपये मोजले. "नुसतें पाहण्याचे तेरा हजार! आणि नापास ठरली तर ते बुडालेच." वडील बंधूंच्या शब्दाबाहेर आम्ही सहसा जात नाहीं. त्या दिवशीं गेलों. म्हणालों, "दादा, ते तेरा हजार माझ्या पेन्शनींतून द्या, पण कारागिरास दाखविल्यावांचून पैसे देऊं नयेत." दादा गप्प बसले, आणि दोन दिवस आमच्याशीं बेतानेंच बोलले.

त्या कारागिरानें इंजिनाकडे पाहण्यापूर्वीं आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. आंत गुंडाळून राहिलेल्या भागावर वाळलेला गाळ होता. मग आसनाखालचे खिळे पाहिले, ते गंजलेले. गाडी केव्हांतरी पुरांत बुडालेली होती. ह्यूस्टनमध्यें ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळांत अगणित मोटारी बुडाल्या. अशा बुडालेल्या गाड्या वाळवून, पुसून, अत्तर शिंपडून पुन्हां बाजारांत आणण्याचा धंदा कोणत्याहि पुरामागून येतोच. अशा गाडीच्या तारा आंतून हळूहळू गंजतात, आणि ऐन वेळीं काय बंद पडेल याचा भरंवसा राहत नाहीं. ती मोटार घेतली असती तर त्या आसनावर आमची दिवस भरत आलेली सूनबाई बसली असती. हें ऐकून दादांनीं आमच्याकडे पाहिलें आणि पुढें दीडशें डॉलरचा विषय घरांत निघाला नाहीं.

या सर्व प्रकाराचें एक शास्त्र आहे, हें आम्हांस मागाहून कळलें. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्र्यानें इ. स. १९७० सालीं 'लिंबांच्या बाजारा'वर, म्हणजे सदोष मोटारींवर, एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनीं तो आधीं परत केला होता, पुढें इ. स. २००१ सालीं स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें. जुन्या मोटारीचा दोष विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाहीं. म्हणून घेणारा भीतभीत मध्यम किंमत देऊं करतो. त्या किमतीस चांगल्या मोटारीचा धनी विकावयास तयार होत नाहीं, आणि बाजारांत वाईटाचेंच प्रमाण वाढतें. आमच्या भगिनीवाचकांस गोड वाटेल ती गोष्ट अशी कीं, त्याच निबंधांत तांदळांत मुद्दाम मिसळलेले खडे निवडीत बसणाऱ्या हिंदी गृहिणीचाहि उल्लेख आहे. सुपांतील खडा आणि पट्ट्यांतील गाळ हे एकाच जातीचे.

अशा बाजारास आळा घालण्यासाठीं त्या देशानें कांहीं कायदे केले. मोटारीनें किती मैल तोडले हें दाखविणारें यंत्र मागें फिरविणें हा इ. स. १९७२ पासून मध्यवर्ती कायद्यानें गुन्हा आहे. इ. स. १९८१ पासूनच्या प्रत्येक मोटारीस सतरा अक्षर-अंकांची ओळख असते, आणि ती दिली असतां तिचा नोंदलेला इतिहास विकत मिळतो. पण जें कोणीं नोंदविलेंच नाहीं तें त्यांत कोठून येणार? आमच्या पोराच्या त्या बुडालेल्या गाडीचा इतिहास कागदावर निर्मळ होता! दुकानांतील जुन्या मोटारीच्या कांचेवर इ. स. १९८५ पासून आणखी एक सूचना लावावी लागते. तींत 'आहे तशी' या रकान्यांत खूण असेल तर पुढील दुरुस्ती सर्वस्वीं घेणाऱ्याच्या माथीं. आवडली नाहीं तर तीन दिवसांत परत देतां येते असा समज नवख्यांत पसरलेला आहे. दुकानांत जाऊन घेतलेल्या मोटारीस मध्यवर्ती कायदा असा कोणताहि हक्क देत नाहीं.

आतां कर्जाची गोष्ट. पुढें एक चांगली मोटार दृष्टीस पडली, कारागिरानें ती पसंत केली. पण रोख पुरेना, आणि दुकानदारानें व्याजाचा भारी दर सांगितला. कारण पोराला तेथें पत नव्हती. त्या देशांत प्रत्येकाच्या पतीचा एक आंकडा असतो, तीनशेंपासून साडेआठशेंपर्यंत. ज्यानें तेथें कधीं कर्ज घेतलें नाहीं त्याचा आंकडा वाईट नसतो, तो नसतोच. येथें त्यानें अकरा वर्षें घराचा हप्ता एक दिवसहि न चुकवितां भरला. त्याची तेथें कोणीं दखल घेतली नाहीं. अकेरलॉफच्या त्याच निबंधांत आमच्या खेड्यांतील सावकाराचाहि विचार आहे. सावकाराचें बळ हें कीं, तो ऋणको कोण, कसा, हें ओळखतो. परका धनको तें ओळखत नाहीं. आमचा पोर तेथें परका ऋणको झाला होता.

त्याची अडचण एका पतपेढीनें दूर केली. अमेरिकेंत नोकरदारांच्या सहकारी पतपेढ्या आहेत, आणि त्यांच्या इतिहासांत हिंदुस्थानचाहि एक धागा आहे. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा इ. स. १९०४ सालीं झाला. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फिलीन इ. स. १९०७ सालीं येथें प्रवासास आले असतां खेड्यांतील सहकारी पेढ्या पाहून प्रभावित झाले, आणि इ. स. १९०९ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत पतपेढ्यांचा जो कायदा झाला त्यास त्यांनीं मोठा हातभार लावला. शिक्षकांच्या पतपेढीवर आमचें सारें आयुष्य गेलें. म्हणून हें वाचून आम्हांस समाधान वाटलें. कचेरीचें पत्र आणि पगाराचे कागद पाहून त्या पेढीनें निम्मी रक्कम माफक व्याजानें दिली.

दादांस हें रुचलें नाहीं. परंतु पोरानें समजावून सांगितलें कीं, येथें लहानसें कर्ज घेऊन ठरल्या तारखेस फेडणें हेंच नवख्याचें प्रशस्तिपत्रक. तें नसेल तर पुढें घरहि भाड्यानें मिळण्यास अडचण येते. दादा बराच वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "ठीक. पण मुदत तीन वर्षांहून अधिक नको. आणि एकंदर व्याज किती जाईल तो आंकडा आधीं कागदावर लिहून घे." दादांची ही सूचना सोन्याच्या मोलाची ठरली. "महिन्याला किती परवडेल?" असें गोड विचारून मुदत सहा-सात वर्षें लांबवावयाची आणि मोटारीची किंमत गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड करावयाची, ही तेथील विक्रेत्यांची जुनी युक्ति आहे. ऋणाविषयीं जुन्या माणसांच्या मनांत असलेला धाक अशा वेळीं उपयोगीं पडतो.

वाचकहो, आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी परदेशीं आहे, आणि त्यांचे दूरध्वनि आपल्या माजघरांत येतात. त्यांस एवढें सांगावें. विम्याचा आंकडा मोटार घेण्यापूर्वीं विचारा; तेथें वाहन चालविण्याचा अनुभव नसलेल्यास तो जबर असतो. इंजिन थंड असतांना सुरू करून पाहा. आधींच तापवून ठेवलें असेल तर कां, हें विचारा. मोठ्या रस्त्यावर वेगानें चालवून पाहा. आणि ज्याला त्या विकण्यांत दमडीचा लाभ नाहीं असा जाणता माणूस आधीं शोधा, मोटार मागाहून. तो आपल्या भाषेचा, आपल्या जातीचा किंवा आपल्या पायरीचा असेलच असें नाहीं. आपणां घरच्या वडिलांचें काम इतकेंच कीं, जें आपणांस ठाऊक नाहीं तेथें हुकूम करूं नये, आणि विचारण्यास पोर लाजत असेल तर त्याची लाज घालवावी.

अखेर आठ वर्षें वापरलेली एक टोयोटा कोरोला पौषांत घरीं आली. वहिनींच्या आज्ञेप्रमाणें चाकाखालीं लिंबू ठेवलें गेलें. माघांतील एका रात्रीं दोन वाजतां त्या मोटारीनें नऊ मैल बिनतक्रार तोडले, आणि पहाटेस आम्हांस नात झाली. त्या कारागिराच्या घरीं पेढे पाठवावे, असें दादांनीं स्वतः दूरध्वनीवर सांगितलें.